एएमटीचा हिसका घालवायचा तर आधी उजवा पाय

सातारा-सांगली पट्ट्यात छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली म्हणजे बहुतेक वेळा ती एएमटीच असते, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनवाली. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ ऑटो गिअर शिफ्ट घेऊन आली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. पुढे वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, नेक्सॉन, क्विड, नियॉस अशी रांगच लागली. किंमत मॅन्युअलपेक्षा थोडीच जास्त, अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढंच, डाव्या पायाला सुट्टी. तक्रारही सगळ्यांची एकच. गिअर बदलताना गाडी हिसका मारते, मागे बसलेल्यांच्या माना डोलतात आणि ओव्हरटेकच्या ऐन मोक्याला गाडी क्षणभर थबकते.

तक्रार खरी आहे. पण तिचा मोठा भाग चालवण्याच्या पद्धतीने जातो, उरलेल्यातला बराचसा देखभालीने, आणि थोडासा या तंत्रातच मुरलेला असतो, तो कशानेच जात नाही. मी याच क्रमाने लिहितोय, कारण बरेच जण उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी क्लच प्लेट बदलून घेतात, मग सेटिंग करून घेतात, आणि पाय मात्र होता तसाच दाबत राहतात.

गिअर पडतो तेव्हा आत काय चालतं

एएमटीत गिअरबॉक्स वेगळी नसते. मॅन्युअल गाडीत असते तीच पाच किंवा सहा गिअरची पेटी, तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं गिअरबॉक्सवर बसवलेलं युनिट करतं. मारुती आणि टाटाच्या सुरुवातीच्या एएमटी गाड्यांत हे युनिट मॅग्नेटी मारेलीचं होतं, तेलाच्या दाबावर चालणारं. अशा गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून ‘गुंईं’ असा बारीक आवाज येतो. तो या युनिटच्या पंपाचा. गाडी सुरू व्हायच्या आत तो तेलाचा दाब भरून ठेवतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत तेलाऐवजी छोट्या इलेक्ट्रिक मोटर हेच काम करतात. तिथे हा आवाज येत नाही, पण पुढचं सगळं गणित तेच राहतं.

आता पहिल्यातून दुसरा गिअर पडतानाचा तो छोटासा वेळ नीट बघू. गिअर सांभाळणारा गाडीतला संगणक आधी इंजिनाची ओढ कमी करतो, तुमचा पाय दाबलेला असला तरी. मग क्लच उघडतो. पहिला गिअर निघतो, दुसरा पडतो. क्लच हळूहळू परत धरतो आणि इंजिनाची ओढ परत येते. मधल्या वेळात चाकांना काहीच ओढ मिळत नाही, गाडी आपल्या वेगावर तरंगत असते. तुम्ही जोरात रेस देत असाल तर अंगाला पुढे जाण्याची सवय लागलेली असते. ती ओढ एकदम तुटते म्हणून मान पुढे जाते आणि एकदम परत येते म्हणून मागे येते. हिसका म्हणतात तो हाच. गिअर टाकायला युनिटला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही. तुटण्याआधी ओढ किती होती आणि परत येताना किती येणार, हे मात्र पूर्णपणे तुमच्या पायात आहे.

दुसरं गणित फेऱ्यांचं, म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं (आरपीएम) त्याचं. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण (गिअरबॉक्समधून एक फेरी बाहेर पडायला इंजिनाच्या किती फेऱ्या लागतात ते) साधारण 3.5 आणि दुसऱ्याचं 1.9 असतं. म्हणजे गिअर बदलला की त्याच वेगाला इंजिन जवळपास 54 टक्क्यांवर यावं लागतं. 2500 फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन 1350 च्या आसपास यायला हवं, म्हणजे 1150 फेऱ्या खाली. तोच 4000 वर बदलला तर 2170 वर, म्हणजे 1800 च्या वर फेऱ्या खाली. एवढा फरक एक तर वेळ खाऊन भरला जातो किंवा क्लच घासून. दोन्ही तुम्हाला जाणवतात. याउलट चौथ्यातून पाचव्याला 2500 वरून 1950 पर्यंतच यायचं असतं, म्हणून तो गिअर कधी पडला हे कळतही नाही. सगळ्यात वाईट हिसका नेहमी पहिल्या-दुसऱ्यात का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. बिघाड असो-नसो, ती जागाच अवघड आहे.

पाय कधी आणि किती सोडायचा

मॅन्युअल गाडी चालवताना आपण क्लच दाबतो तेव्हा रेस आपोआप सोडतो. एएमटीत डावा पाय मोकळा झाला आणि त्याच्याबरोबर ही उजव्या पायाची सवयही गेली. ती परत आणायची, एवढंच करायचं आहे.

सपाट रस्ता, दोन माणसं, हलका पाय असेल तर हजार-बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीत दुसरा गिअर साधारण 15 ते 18 च्या वेगाला पडतो, तिसरा 27 ते 32 ला, चौथा 40 ते 48 ला आणि पाचवा 55 ते 62 ला. गाडीगाडीप्रमाणे इकडेतिकडे होईल, पण मीटरमधला गिअरचा आकडा बघत एखादा आठवडा चालवलं की तुमच्या गाडीचे आकडे तुम्हाला पाठ होतात. त्या वेगाच्या एक-दोन किलोमीटर अलीकडे रेसचं पेडल थोडं सैल करा. पूर्ण सोडू नका. दाबलं होतं त्याच्या अर्ध्यावर किंवा त्याहून थोडं खाली आणा. संगणक पेडल आणि वेग दोन्ही बघून गिअर ठरवत असतो. पेडल सैल झालं की वरच्या गिअरची मर्यादा खाली येते आणि गिअर लगेच पडतो. म्हणजे या एकाच हालचालीने गिअर लवकरही पडतो आणि मऊही पडतो. मीटरवर आकडा बदलला की मनात ‘एक’ म्हणण्याइतका वेळ द्या आणि पेडल हळूहळू परत दाबा. आकडा बदलल्याबरोबर एकदम दाबलं तर क्लच अजून पूर्ण धरलेला नसतो, तेव्हा दुसरा हिसका बसतो. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. पाय सोडायला शिकतात, पण परत दाबायची घाई तशीच राहते.

पेडल पूर्ण सोडल्यावर काय होतं तेही सांगतो. संगणकाला वाटतं गाडी थांबवायची आहे. मग तो कधी वरचा गिअर टाकायचं टाळतो, कधी आहे त्याच गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक लागतो आणि गाडी उलट बाजूने डोलते. तेव्हा अर्धा पाय.

सरावाला सकाळचा रिकामा रस्ता घ्या. साताऱ्याहून कोरेगावकडे जाणारा किंवा सांगलीहून तासगावकडचा सरळ पट्टा चांगला. गावातल्या गर्दीत हे शिकायला जाऊ नका. साताऱ्यात पोवई नाक्याला किंवा सांगलीत गणपती पेठेत दुसरा गिअर पडेपर्यंत ब्रेक लागलेला असतो, तिथे पायाला काहीच कळत नाही.

थंडीत पाचगणी-महाबळेश्वरला मुक्कामी असाल तर सकाळचे पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर थोडे जड पडतील. गार गिअर ऑइल दाट असतं. तेवढं अंतर हळू चालवा, तेवढ्यासाठी गाडी दाखवायला नेऊ नका.

मॅन्युअल मोड कुठे कामाला येतो

गिअरच्या दांड्यापाशी ‘एम’ आणि अधिक-उणे अशी खूण असते. कित्येक गाड्या विकल्या जाईपर्यंत तो दांडा त्या बाजूला एकदाही गेलेला नसतो, याचं खरंच वाईट वाटतं. कारण ओव्हरटेकची तक्रार तिथेच संपते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखाने सुरू झाले की आपल्याकडच्या प्रत्येक रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे आपण चौथ्या गिअरमध्ये 35-40 वर रेंगाळत असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून पेडल तळापर्यंत दाबलं की संगणकाला कळतं की खालचा गिअर हवा, मग तो ओढ तोडतो, क्लच उघडतो, एक किंवा दोन गिअर खाली येतो आणि मग गाडी पळते. हा सगळा वेळ तुम्ही उजव्या बाजूला, समोरून येणाऱ्याच्या रस्त्यात असता. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या मागे आपल्याच लेनमध्ये असतानाच ‘एम’मध्ये घ्या आणि तिसऱ्यावर आणा, वेग 35 च्या खाली असेल तर दुसऱ्यावर. गिअर पडला, इंजिनाचा आवाज वर आला, मग रस्ता बघून बाहेर निघा. आता पेडल दाबलं की ओढ त्याच क्षणी मिळते. पुढे गेल्यावर परत ‘ए’ किंवा ‘डी’मध्ये टाका.

खालचा गिअर टाकताना पाय पूर्ण सोडलेला असेल तर हिसका जास्त बसतो, कारण इथे इंजिनाला वर यायचं असतं. तिसऱ्यातून दुसऱ्याला येताना 1500 फेऱ्यांवरचं इंजिन 2200 च्या वर न्यावं लागतं. पेडलवर किंचितसा दाब ठेवला तर क्लच मऊ धरतो. चुकून फार खालचा गिअर मागितला तर संगणक देत नाही आणि वेग फार कमी झाला तर स्वतःहून खाली आणतो, त्यामुळे ‘एम’मध्ये गाडी बंद पडेल किंवा इंजिन उडेल ही भीती बाळगू नका.

स्पोर्ट मोडबद्दल एक गैरसमज आहे. त्याने गिअर टाकायचा वेळ फारसा बदलत नाही, गिअर उशिरा पडतात. म्हणजे वरच्या फेऱ्यांवर पडतात, म्हणजे वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे हिसका वाढतो. घाट चढताना त्याचा उपयोग आहे, गावात नाही.

घाट

आपल्या भागात एएमटीची खरी परीक्षा घाटातच होते. यवतेश्वर, पसरणी, सज्जनगडचा चढ, कुंभार्ली. ऑटो मोडमध्ये चढताना काय होतं बघा. वळण आलं म्हणून तुम्ही पेडल सैल करता. संगणकाला पुढचं वळण दिसत नाही. त्याला वाटतं जोर नको आहे, म्हणून तो ऐन वळणात वरचा गिअर टाकतो. वळण संपून चढ लागतो, तुम्ही दाबता, गाडी मरगळते, मग परत खालचा गिअर. प्रत्येक वळणाला हे दोनदा होतं. पसरणीसारख्या घाटात गाडीत बसलेल्यांना मळमळ होण्यात याचा हात असतो. उपाय साधा आहे. घाट सुरू होताना ‘एम’ आणि दुसरा गिअर, मोकळ्या सरळ पट्ट्यावर तिसरा. वळणात शिरण्याआधी खालचा गिअर टाकून घ्या, वळणात गिअर बदलू नका. हजार सीसीची गाडी पाच माणसांनी भरलेली असेल तर अगदी खड्या तुकड्यावर एसी बंद करा, फरक पडतो.

उतरतानाही तेच. ‘डी’मध्ये पेडल सोडून पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर ब्रेक मारत उतरणारे बरेच दिसतात, आणि पसरणी उतरून खाली वाईत येईपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटलेला असतो. दुसऱ्या गिअरमध्ये 25 ते 30 चा वेग ठेवला की इंजिन दोन हजारच्या आसपास फिरतं आणि गाडी धरून ठेवतं, ब्रेकला अधूनमधूनच हात लावावा लागतो. न्यूट्रल करून उतरणं तर कुठल्याच गाडीत करू नये. एएमटीत आणखी एक भर अशी की धावत्या गाडीत परत गिअर टाकताना क्लचला सगळा फरक घासून भरावा लागतो.

आणि आता क्लच मारणारी सवय, जिच्याबद्दल कितीही लिहिलं तरी थोडं. पुण्याहून येताना शनिवारी खंबाटकी चढावर गाड्यांची रांग लागते, फुलांच्या दिवसांत कासच्या रस्त्यालाही लागते. अशा रांगेत कित्येक जण ब्रेक न दाबता, नुसत्या हलक्या रेसवर गाडी चढावर धरून ठेवतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये ते चालून जातं, तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं. एएमटीत मधे कोरडी क्लच प्लेट आहे. गाडी उभी, इंजिन फिरतंय, म्हणजे प्लेट सतत घासतेय. चढावरच्या रांगेत थोड्याच वेळात ती इतकी तापते की जळका वास येतो, काही गाड्यांत बझर वाजतो किंवा मीटरवर क्लच गरम झाल्याची सूचना येते. तशी सूचना आली तर बाजूला घ्या, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि पंधरा-वीस मिनिटं गाडीला हात लावू नका. इंजिन चालू राहिलं तरी हरकत नाही. पुन्हा निघताना गिअर आधीपेक्षा उग्र पडतील, कारण तापलेल्या प्लेटची पकड बदललेली असते. गार झाल्यावर बहुतेक वेळा पूर्ववत होतं, पण अशा प्रत्येक वेळेला प्लेटचं आयुष्य कमी होतं.

चढावर थांबायचं ते ब्रेकवर. ब्रेक दाबलेला असला की संगणक क्लच पूर्ण उघडा ठेवतो. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी मागे जात नाही, तेवढ्यात ठाम पेडल द्यायचं. हिल होल्ड नसेल तर हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडा, पेडल द्या, गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की हँडब्रेक खाली. हे एका दमात, सेकंदाभरात व्हायला हवं. रांगेत इंच-इंच सरकू नका. पुढे एक-दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. पाच वेळा क्लच धरण्यापेक्षा एकदा धरलेला बरा. सिग्नल अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा असेल तर न्यूट्रल करा.

डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने रेस हा प्रकार तर मुळीच करू नका. ब्रेकची खूण मिळाली की संगणक कमी वेगात क्लच उघडायला लागतो, त्याच वेळी तुम्ही रेस मागता. दोन विरुद्ध आदेशांत गाडी गचके देते.

पाय बरोबर आहे, तरीही हिसका

मग गाडीकडे बघायचं. पण क्लचपासून सुरुवात करू नका, बाहेरच्या स्वस्त गोष्टींपासून करा.

पहिली बॅटरी. या गाडीत क्लच आणि गिअर शेवटी विजेवरच चालतात, तेलाचा पंपसुद्धा विजेचाच. बॅटरी मरतुकडी झाली की सुरुवातीला फक्त गिअर आळसटतात, स्टार्टर तर ठणठणीत वाटतो, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर 12.6 व्होल्ट असेल तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट करा. अर्थिंगची तारही बघा, गिअरबॉक्सकडून बॉडीला येणारी. कृष्णाकाठच्या दमट हवेत ती गंजते.

दुसरी ब्रेक लाइटची स्विच, ब्रेकच्या पेडलच्या वर असते. हिच्याच खुणेवर संगणक न्यूट्रलमधून गिअर टाकू देतो. ब्रेक दाबूनही कधी गिअर पडतो, कधी पडत नाही असं होत असेल तर रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि आरशात बघा. ब्रेकचा हलका स्पर्श झाला की लाल उजेड लगेच यायला हवा. उशिरा आला किंवा लुकलुकला तर स्विच बदला. भाग किरकोळ आहे, पण तो सोडून लोक थेट युनिटपर्यंत जातात.

तिसरं इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंगचे रबर. गिअर पडताना ‘धप्’ असा आवाज येत असेल आणि हिसका पायांखाली जाणवत असेल तर संशय यांच्यावर घ्यावा. बॉनेट उघडून एकाने बघावं, दुसऱ्याने ब्रेक दाबून न्यूट्रलमधून ‘डी’ आणि ‘आर’ करावं, आणि प्रत्येक वेळी ब्रेक अगदी थोडा सैल करावा, म्हणजे क्लच धरायला लागतो. समोर कोणी उभं राहायचं नाही, बाजूने बघायचं, हँडब्रेक पूर्ण ओढलेला हवा. इंजिन जागेवरून ठळक उडी मारत असेल तर रबर गेलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे लवकर जातं.

चौथं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. तिच्या पाकळीवर काजळी साठली की इंजिनाच्या आयडल, म्हणजे रेस न देतानाच्या, फेऱ्या वरखाली होतात आणि रांगेत गाडी रांगताना गचके देते. साफ करून घेतल्यावर स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) आयडल पुन्हा शिकवून घ्यावं लागतं. नुसतं साफ करून दिलं तर काही दिवस उलट जास्त त्रास होतो.

मग तेल. इथे दोन वेगवेगळी तेलं आहेत, त्यांची गल्लत जबर महागात पडते. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल, छोट्या गाडीत साधारण दोन ते अडीच लिटर. ग्रेड गाडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात दिलेला असेल तोच, ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ वालं नको. फार दाट तेल घातलं तर थंडीत गिअर अडकतात. दुसरं तेल युनिटचं, त्याची छोटी वेगळी टाकी असते. त्यात ब्रेक ऑइल घालायचं नाही, आतली सीलं फुगतात आणि अख्खं युनिट जातं. त्याची पातळीही घरी बघून भरायची नसते. दाब भरलेला असताना तेल साठ्यात गेलेलं असतं, म्हणून टाकीत कमी दिसतं. वरून भरलं की दाब उतरल्यावर ते बाहेर उतू जातं. स्कॅनरने दाब उतरवून मग पातळी बघायची.

युनिटची तब्येत कानाने कळते. गाडी उभी आहे, गिअर बदलत नाही, तरी पंप दर काही सेकंदांनी ‘गुंईं’ करतोय, किंवा प्रत्येक गिअरनंतर लगेच सुरू होतोय, तर दाब टिकत नाही. कुठे तरी गळती आहे किंवा दाब साठवणाऱ्या गोळ्यातला नायट्रोजन कमी झालाय. हे वेळेत धरलं तर एका भागावर भागतं. दुर्लक्ष केलं तर पंप जादा चालून जळतो.

सगळ्यात शेवटी क्लच. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर पेडल दाबलं आणि फेऱ्या वर गेल्या पण वेग तेवढा वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. निघताना गाडी थरथरत असेल तर प्लेट चमकलीय किंवा फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्या चकतीला धरते तिच्यावर, डाग पडलेत. क्लच खोलला की स्वतः बघायला जा. जुन्या प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत अस्तर झिजलंय का, फ्लायव्हीलवर निळसर गोल डाग आहेत का. निळा डाग म्हणजे तिथे लोखंड तापून कडक झालंय. तसाच फ्लायव्हील ठेवून नवी प्लेट टाकली तर थरथर काही महिन्यांत परत येते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला, आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल येत असेल तर तेही तेव्हाच. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आणू नका.

नवा क्लच बसवून गाडी तशीच बाहेर काढली तर काम अर्धंच झालं. जुनी प्लेट झिजत गेली तशी ती नेमकी कुठे धरते, हे संगणकाने लक्षात ठेवलेलं असतं. नवी प्लेट वेगळ्या जागी धरते. म्हणून स्कॅनर लावून आधी क्लचचं आणि मग गिअरच्या जागांचं कॅलिब्रेशन करावं लागतं. तेलावर चालणारं युनिट असेल तर त्याआधी हवाही काढावी लागते. हे न करता ‘चालवा, सेट होईल’ असं सांगितलं जात असेल तर गाडी घेऊ नका. आपल्या भागात चांगले क्लचवाले मेकॅनिक भरपूर आहेत, पण प्रत्येकाकडे तुमच्या गाडीचं कॅलिब्रेशन करणारा स्कॅनर असतोच असं नाही. गाडी खोलण्याआधी तेवढं विचारून घ्या. चावी फिरवून पेडल इतके सेकंद दाबून धरा म्हणजे गिअरबॉक्स रिसेट होते, असे सल्ले फिरतात. त्याने क्लचची जागा मोजली जात नाही.

पेडलचे डबे आणि सीएनजी

पेडलच्या वायरमध्ये बसवायचे, ‘पिकअप वाढवणारे’ छोटे डबे विकत मिळतात. ते तुमच्या पायाचा दाब संगणकाला वाढवून सांगतात, बाकी काही नाही. तुम्ही 30 टक्के दाबलं तर डबा 50 सांगतो. गिअर टाकायचा वेळ तसूभरही कमी होत नाही, उलट अर्धा पाय सैल करायची जी कला वर सांगितली ती अवघड होऊन बसते, कारण पेडलचा बारीक ताबाच जातो. एएमटीत हे बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजीचं वेगळं आहे. कारखान्यातूनच सीएनजी आणि एएमटी एकत्र असलेली टियागो 2024 मध्ये आली. अशा गाडीत संगणकाला दोन्ही इंधनांचा हिशोब शिकवलेला असतो. पेट्रोल एएमटीला बाहेरून किट बसवलं तर गॅसवर इंजिनाची ओढ कमी होते, पण गिअरचा संगणक पेट्रोलचीच ओढ गृहीत धरून क्लच सोडतो. त्यामुळे पेट्रोलवर मऊ चालणारी गाडी गॅसवर गचके देते. तक्रार घेऊन जाण्याआधी दोन्ही इंधनांवर त्याच रस्त्याला चालवून बघा. फक्त गॅसवर त्रास असेल तर किटचं ट्यूनिंग, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बघायचा, गिअरबॉक्सला हात लावू द्यायचा नाही.

सर्व्हिसिंगला देताना जॉबकार्डवर ‘गिअर प्रॉब्लेम’ एवढंच लिहू देऊ नका. ‘इंजिन गरम झाल्यावर, पहिल्यातून दुसऱ्याला, 15 ते 20 च्या वेगाला, हलक्या पेडलवर, एसी चालू असताना जास्त’ असं लिहायला लावा. गिअरच्या संगणकाचं नवं सॉफ्टवेअर आलंय का तेही त्याच कार्डवर विचारा. काही गाड्यांत नुसत्या अपडेटने पहिल्या-दुसऱ्याचा हिसका बराच कमी होतो. आणि त्यांच्या माणसाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवा. हिसका कुठे येतो ते त्याला तुमच्याच पायाने दाखवा, मग त्याला चालवू द्या. त्याच्या पायाखाली तो येत नसेल तर त्याचा पाय कसा चालतोय ते नीट बघून घ्या.